पीएचमधील ‘पी’ कोणाचा?

कऱ्हाड तालुक्यात कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रजच्या शिवारातून मातीचा नमुना तपासणीला गेला, की परत येणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला ‘सामू’ या नावाचा एक आकडा छापलेला असतो. तोच आकडा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पीएच’ म्हणून नोंदवला जातो, तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारणीच्या पाण्याला लावला जातो आणि अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्ततपासणीतही येतो. आम्लता मोजण्याची ही रीत शंभराहून अधिक वर्षे जगभर रुळलेली असली, तरी तिच्या नावातील दोन अक्षरांपैकी पहिल्याचा अर्थ काय, या साध्या प्रश्नाला आजही एकमताचे उत्तर नाही. शाळांत आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ‘पीएचचे पूर्ण रूप लिहा’ असा प्रश्न विचारला जातो आणि त्याला पॉवर ऑफ हायड्रोजन, पोटेन्शियल ऑफ हायड्रोजन, पोटेन्झ अशी वेगवेगळी उत्तरे बरोबर धरली जातात. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाने त्यांपैकी जर्मन ‘पोटेन्झ’ स्वीकारला आहे. या उत्तरांपैकी कोणते मूळ कागदपत्रांवर टिकते, कोणते टिकत नाही आणि या अक्षराच्या वादाआड आणखी कोणता वाद दडला आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

संज्ञेचा उगम मात्र वादातीत आहे. जे. सी. याकोबसेन या मद्यउत्पादकाने बीअर बनवण्याची क्रिया शास्त्रीय पायावर आणण्यासाठी १८७५ साली कोपनहेगन येथे कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा स्थापन केली, आणि तिच्या रसायन विभागात योहान केल्डाल यांनी १८८३ साली पदार्थातील नत्र मोजण्याची जी पद्धत बसवली, ती आजही महाराष्ट्रातील माती, चारा आणि दुधाच्या तपासणीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. केल्डाल यांच्या निधनानंतर १९०१ साली विभागाची सूत्रे सोरेन पेडर लॉरिट्झ सोरेनसन (१८६८–१९३९) यांच्याकडे आली. त्यांचा विषय विकरांचा, म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या एन्झाइमांचा होता, आणि विकरांचे काम द्रावणाच्या आम्लतेवर फार अवलंबून असते, हे ठाऊक असूनही ती आम्लता नेमकी कशी सांगावी याबद्दल गोंधळ होता. द्रावणात किती आम्ल ओतले, यावरून आम्लता ठरवण्याची जुनी रीत प्रथिनांच्या द्रावणात फसत असे, कारण ओतलेल्या आम्लाचा मोठा भाग प्रथिनेच शोषून घेत आणि विकराच्या वाट्याला फारच थोडे मोकळे हायड्रोजन आयन, म्हणजे विद्युतभार धारण केलेले हायड्रोजनचे अणू, येत. सोरेनसन यांनी एकूण आम्ल आणि मोकळे हायड्रोजन आयन या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या केल्या. सर्व द्रावणांची आम्लता हायड्रोजन आयनांच्या संहतीवरून, म्हणजे ठरावीक आकारमानातील त्यांच्या प्रमाणावरून, सांगावी ही कल्पना हान्स फ्रीडेनथाल यांनी १९०४ साली मांडली होती आणि सोरेनसन यांनी तिचे श्रेय त्यांना दिले. अडचण उरली ती आकड्यांची. शुद्ध पाण्यात ही संहती एका लिटरमागे एका ग्रॅमच्या एक कोट्यंशाच्या आसपास असते, म्हणजे १० चा उणे ७ वा घात, आणि पाठोपाठच्या दोन द्रावणांत ती हजारपटीने बदलू शकते. असे आकडे तक्त्यात मांडणे गैरसोयीचे आणि आलेखावर काढणे तर जवळपास अशक्य होते.

विकरांवरील त्यांच्या दुसऱ्या दीर्घ निबंधात, जो १९०९ मध्ये ‘बायोकेमिशे त्साइटश्रिफ्ट’ या नियतकालिकात जर्मनमध्ये आणि कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वृत्तांतात फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला, सोरेनसन यांनी ही अडचण एका परिच्छेदात सोडवली. हायड्रोजन आयनांची संहती १० च्या ऋण घाताच्या रूपात लिहिली, की त्या घातातील घातांकाचे नुसते अंकमूल्य, ऋण चिन्ह गाळून, पुरेसे होते. या अंकाला त्यांनी ‘हायड्रोजन आयन घातांक’ असे नाव दिले आणि त्याच्यासाठी एक चिन्ह सुचवले, ज्यात लहान लिपीतला ‘पी’ मुख्य ओळीवर होता आणि त्याच्या पायाशी हायड्रोजन आयन दाखवणारा ‘एच’ होता, ज्याच्या डोक्याशी धन विद्युतभार सुचवणारा एक ठिपका होता. पाण्याच्या बाबतीत हा अंक १८ अंश सेल्सियसला ७.०७ येतो, असे त्यांचे मोजमाप होते. आज २५ अंशांना तो ७ धरला जातो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की नाव आणि चिन्ह एकमेकांची आद्याक्षरे नाहीत. घातांकाला जर्मनमध्ये एक्स्पोनेंट म्हणतात, फ्रेंचमध्ये एक्स्पोझाँ; हायड्रोजनला जर्मनमध्ये वासरस्टोफ म्हणतात आणि सोरेनसन यांच्या मातृभाषेत, डॅनिशमध्ये, ब्रिंट. ज्या नावातून ‘पीएच’ निघाले असे वाटते, ते नाव त्यांनी दिलेले नाही आणि जे दिले त्यात ‘पी’ नाही. ‘पूर्ण रूप’ विचारणारा प्रश्न येथेच अडखळतो, कारण जे मुळात संक्षेप म्हणून जन्माला आले नाही, त्याचे पूर्ण रूप कोठून आणायचे?

तरीही अक्षर कोठून तरी आलेच असणार, आणि त्याच्या उगमाबद्दलच्या मतांपैकी सर्वांत बळकट मत ‘पोटेन्झ’चे आहे. जर्मन भाषेत पोटेन्झ म्हणजे गणितातील घात, आणि सोरेनसन यांनी ज्या वाक्यात संहती १० च्या ऋण घातात लिहावी असे म्हटले, तेथे हाच शब्द होता. फ्रेंच आवृत्ती वाचणाऱ्याला तेथे ‘प्यूइसाँस’ भेटला आणि डॅनिशमध्ये त्याला ‘पोटेन्स’ म्हणतात. तिन्ही भाषांत शब्दाचे पहिले अक्षर एकच असल्यामुळे सोरेनसन यांनी मुद्दाम तिन्हींना चालेल असे अक्षर निवडले असावे, असा तर्क कोणी केला तर तो हास्यास्पद म्हणता येत नाही. जर्मन आणि फ्रेंच लेखकांनी आपापल्या भाषेसाठी हक्क सांगणे हे त्या काळातील दोन्ही देशांच्या विज्ञानातील चढाओढीला धरूनच होते, पण त्या भांडणात पुराव्यापेक्षा अभिमान अधिक होता. या मताची मर्यादा एवढीच की सोरेनसन ‘पी’ हे अक्षर घाताला देत नाहीत, घातांकाला देतात, आणि ते अमुक शब्दाचे आद्याक्षर आहे असे त्या निबंधात कोठेही सांगत नाहीत.

इंग्रजीतील ‘पॉवर ऑफ हायड्रोजन’ हे पोटेन्झचेच भाषांतर असून भारतातील वर्गांत तेच सर्वाधिक ऐकू येते. कार्ल्सबर्ग प्रतिष्ठाननेही हेच स्पष्टीकरण दिलेले असल्यामुळे त्याला घरचा शिक्का मिळाल्यासारखे झाले आहे. पण ज्या घराने अक्षर दिले त्याच घराने शंभर वर्षांनी सांगितलेला अर्थ हा मूळ निबंधाइतका पुरावा ठरत नाही, आणि या भाषांतराने एक नवा घोटाळाही जन्माला घातला. मूळ मांडणीत घात १० चा आहे, हायड्रोजनचा नाही. ‘हायड्रोजनचा पॉवर’ असे ऐकणारा विद्यार्थी मात्र त्याचा अर्थ हायड्रोजनची ताकद असा घेतो आणि आकडा मोठा म्हणजे आम्लता मोठी असे समजून बसतो; वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे, कारण ऋण चिन्ह गाळलेले असल्यामुळे आकडा जितका मोठा तितके हायड्रोजन आयन कमी.

लॅटिन स्पष्टीकरणे याहून कच्ची आहेत. ‘पोंडस हायड्रोजेनाय’, म्हणजे हायड्रोजनचे वजन, आणि ‘पोटेन्शिया हायड्रोजेनाय’, म्हणजे हायड्रोजनचे सामर्थ्य, अशी रूपे वैद्यक आणि औषधनिर्माणाच्या पुस्तकांतून फिरतात, आणि लॅटिनमुळे त्यांना एक प्रकारचे भारदस्तपण येते. पण १९०९ चा निबंध लॅटिनमध्ये नव्हता आणि सोरेनसन यांनी हायड्रोजनचे वजन केलेले नव्हते. ही स्पष्टीकरणे नंतर कोणीतरी चिन्हाकडे पाहून मागे जाऊन रचली, यात फारशी शंका घेण्याचे कारण नाही. ‘पोटेन्शियल ऑफ हायड्रोजन’ या उत्तराला मात्र थोडा अधिक विचार द्यावा लागतो, कारण सोरेनसन यांनी संहती प्रत्यक्षात विद्युत विभवावरूनच मोजली होती. हायड्रोजन वायू बुडबुडत ठेवलेल्या प्लॅटिनमच्या विद्युताग्रांवर दोन द्रावणांमुळे जे विभवांतर निर्माण होते, ते त्या द्रावणांतील हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाच्या लॉगरिदमशी बांधलेले असते, आणि १८ अंशांना संहती दहापट बदलली की ते ०.०५७७ व्होल्टने बदलते. अशा पद्धतीत ‘पी’ म्हणजे पोटेन्शियल असे वाटणे साहजिक आहे. परंतु विभवासाठी सोरेनसन यांनी ग्रीक अक्षर ‘पाय’ वापरले होते आणि पुढे १९२४ पर्यंत तेच वापरत राहिले. ज्या राशीला आधीच स्वतंत्र चिन्ह दिलेले आहे, तिचेच आद्याक्षर दुसऱ्या राशीला देण्याचा प्रमाद एवढा काटेकोर लेखक करील, हे पटत नाही.

या सर्व मतांना बाजूला सारणारा युक्तिवाद २००० साली पुढे आला. डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातील जीवभौतिकशास्त्रज्ञ येन्स नॉर्बी यांनी मूळ निबंध पुन्हा वाचून ‘ट्रेंड्स इन बायोकेमिकल सायन्सेस’ या नियतकालिकात दोन पानांची टिपणी लिहिली आणि दाखवले की विभवाचे समीकरण मांडताना सोरेनसन यांच्यासमोर दोन द्रावणे आहेत, एक ज्याची आम्लता शोधायची आहे ते आणि दुसरे तुलनेसाठी घेतलेले प्रमाण द्रावण. पहिल्याची संहती १० च्या उणे ‘पी’ घाताने आणि दुसऱ्याची १० च्या उणे ‘क्यू’ घाताने दाखवता येते. प्रमाण द्रावणातील हायड्रोजन आयनांची संहती एक नॉर्मल, म्हणजे एका लिटरमागे एक ग्रॅम, मानली की ‘क्यू’ शून्य होतो, समीकरणातून गळून पडतो आणि एकटा ‘पी’ मागे राहतो. गणितात ‘एक्स’ आणि ‘वाय’ किंवा ‘ए’ आणि ‘बी’ यांसारखीच ‘पी’ आणि ‘क्यू’ ही जोडी नेहमी वापरली जाते. तिच्यातील एका अक्षराला काही शब्दार्थ असावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. नॉर्बी यांच्या मते पीएचमधील ‘पी’ हा असा, सहज हाती लागलेला ‘पी’ आहे, आणि जर जोडीतील अक्षरे उलटी वापरली गेली असती तर आज जगाने ‘क्यूएच’ मोजला असता. २०१० साली मिशेल फ्रँकल यांनी ‘नेचर केमिस्ट्री’त रसायनशास्त्रातील दंतकथांवर लिहिताना पीएचच्या पूर्ण रूपांना त्या दंतकथांतच बसवले.

नॉर्बी यांचे वाचन सर्वांत समाधानकारक आहे, कारण ते निबंधाच्या आतून निघते आणि त्याला कोणत्याही भाषेचा आधार लागत नाही. तरीही तेही एक अनुमानच आहे. सोरेनसन त्यानंतर तीस वर्षे जगले, या विषयावर लिहीत राहिले, आणि त्यांचे चिन्ह जगभर पसरत असताना त्यांनी पाहिले, पण ‘पी’ का निवडला याचा खुलासा मागे ठेवला नाही. निवडताना त्यांच्या मनात पोटेन्झचा ध्वनी होता की नव्हता, हे कागदावरून सिद्ध किंवा असिद्ध करता येत नाही. एकाच अक्षरामागे गणिताची सवय आणि भाषेचा ध्वनी दोन्ही असू शकतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र या शंकेला जागा नसते, आणि एका गुणाच्या प्रश्नासाठी अनिश्चित गोष्ट निश्चित म्हणून पाठ करायला लावली जाते, ही या विषयातील खरी खटकणारी बाब आहे.

अक्षराचा अर्थ हरवण्याला छापखान्याचाही हातभार लागला. पायाशी बसवलेला ‘एच’ आणि त्याच्या डोक्यावरचा ठिपका जुळवणे खिळेजुळाऱ्यांना जिकिरीचे होते, आणि पहिल्या दशकातील लेखांत कोठे मोठा ‘पी’, कोठे लहान, कोठे दोन्ही अक्षरे मोठी असा सावळागोंधळ दिसतो. अमेरिकेतील विल्यम मॅन्सफील्ड क्लार्क यांनी १९२० साली हायड्रोजन आयनांच्या मोजणीवर जे पुस्तक काढले, ते दुग्धव्यवसायापासून जीवाणुशास्त्रापर्यंत सर्वांनी हाताशी ठेवले, आणि लहान ‘पी’ला लागून एकाच ओळीत मोठा ‘एच’ ही आजची लेखनपद्धती त्यांच्यापासून रूढ झाली. ‘एच’ पायाशी असताना ‘पी’ हा अंक आहे आणि ‘एच’ त्याची ओळख आहे, हे डोळ्यांना कळत होते. दोन्ही एका ओळीत आल्यावर तो दोन शब्दांचा संक्षेप दिसू लागला आणि दिसू लागल्यावर लोक ते शब्द शोधू लागले.

रसायनशास्त्रज्ञांनी मात्र तोवर ‘पी’ला एक नवा, स्वतंत्र अर्थ देऊन टाकला होता. कार्ल हॅसेलबाल्क यांनी १९१६ साली लॉरेन्स हेंडरसन यांचे १९०८ चे रक्तातील आम्लतेचे समीकरण सोरेनसन यांच्या भाषेत, म्हणजे लॉगरिदममध्ये, मांडले, आणि त्या वाटेने कोणत्याही राशीच्या आधी ‘पी’ लावला की तिचा १० च्या पायावरील ऋण लॉगरिदम घ्यायचा, असा संकेत बनला. पीओएच, पीके ही रूपे त्याच संकेतावर उभी आहेत. अशा रीतीने जे अक्षर एका विशिष्ट अंकाचे नाव होते, ते आता बेरीज-वजाबाकीच्या चिन्हासारखे एक क्रियाचिन्ह झाले, आणि आजच्या रसायनशास्त्रात ‘पी’चा अर्थ विचारला तर ‘ऋण लॉगरिदम’ हेच प्रामाणिक उत्तर आहे, मग त्याचा जन्म कसाही झालेला असो. याला एक अपवाद डॉक्टरांच्या टेबलावर रोज भेटतो. धमनीतील रक्ताच्या वायूंच्या अहवालात पीएच आणि पीसीओटू शेजारी शेजारी असतात. निरोगी माणसात पहिला ७.३५ ते ७.४५ आणि दुसरा ३५ ते ४५ असतो, पण दुसऱ्यातील ‘पी’ हा लॉगरिदमशी काही संबंध नसलेला, कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब दाखवणारा ‘पी’ आहे. एकाच कागदावर दोन ‘पी’ दोन अर्थांनी नांदतात आणि त्यामुळे उपचारात काही अडत नाही, ही बाब अक्षराच्या अर्थावर तावातावाने वाद घालणाऱ्यांनी विचारात घ्यावी अशी आहे.

उलट्या आणि लॉगरिदमी मोजपट्टीबद्दल मातीवर काम करणाऱ्यांनीच लवकर कुरकुर केली होती. १९२० च्या सुमारास अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर व्हेरी यांनी ‘विशिष्ट आम्लता’ नावाची पर्यायी मोजपट्टी सुचवली, जिच्यात उदासीन पाण्याला १ धरून त्याच्या दसपट आम्ल मातीला १०, शंभरपट मातीला १०० म्हणायचे होते. शेतकऱ्याला आकडा वाढला की आम्लता वाढली असे सरळ कळावे, हा त्यामागचा हेतू होता. ती पट्टी चालली नाही. पण तिने दाखवलेली अडचण राहिली: कृष्णाकाठच्या दोन वावरांचा सामू ७.५ आणि ८.५ असेल तर कागदावर एकचा फरक दिसतो आणि प्रत्यक्षात हायड्रोजन आयन दहापट कमी झालेले असतात, हे पत्रिका वाचणाऱ्याला कोणी सांगितल्याशिवाय समजत नाही.

उंब्रजच्या परिसरात हा अंक किती कामे करतो, हे पाहिले की ‘पी’च्या पूर्ण रूपाविना शंभर वर्षांचा व्यवहार कसा चालला ते कळते. येथून पश्चिमेला पाटण तालुक्यात शिरावे तसा पाऊस वाढतो, काळी माती मागे पडून जांभ्या दगडाची तांबडी माती लागते, आणि मुसळधार पावसाने चुनखडीसारखे अल्कधर्मी घटक धुऊन नेल्यामुळे तिचा सामू सातच्या खाली उतरतो. पूर्वेला आणि दक्षिणेला, कृष्णेच्या काठाने वाळवा, मिरज, शिरोळकडे जावे तसा प्रश्न उलटा होतो. खोल काळ्या जमिनीत निचरा मंद, ऊस बारमाही, पाणी पाटाचे आणि अनेकदा गरजेपेक्षा अधिक. त्यामुळे क्षार वर येतात आणि जमीन आधी खारवट, मग चोपण होते. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी सामू लागतो. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, तिची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर जाते, पण सामू बहुधा ८.५ च्या आत राहतो; चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, सामू ८.५ च्या पुढे जातो, कण विस्कटतात आणि पाणी आत मुरत नाही. पहिलीला निचरा आणि गोडे पाणी पुरते, दुसरीला आधी जिप्सम घालून सोडियम हटवावा लागतो आणि मग निचरा करावा लागतो. सामू न पाहता जिप्समच्या गोण्या टाकल्या तर पैसा वाया जातो.

ऊस कारखान्यात गेला की तोच अंक तासातासाला पाहिला जातो. कऱ्हाडजवळच्या यशवंतनगर येथील सह्याद्री असो वा रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, पांढरी साखर करणाऱ्या सहकारी कारखान्यांत रूढ असलेल्या पद्धतीत चरकातून आलेल्या रसाला चुना आणि गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, देऊन तो सातच्या आसपास आणतात. ताज्या रसाचा पीएच पाच ते साडेपाचच्या दरम्यान असतो, आणि तशा आम्ल रसाला तापवले तर साखरेचे रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, ज्यांचे दाणे पडत नाहीत. उलट चुना जास्त झाला तर हीच साधी साखर जळकट रंग देते. दोन्ही बाजूंनी नुकसान असल्यामुळे सातचा नाद सोडता येत नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या हाच समतोल आकड्याविना सांभाळत आला आहे: काहिलीत चुन्याचे पाणी आणि भेंडीचा चिकट रस टाकून, वर आलेली मळी काढत, रसाचा रंग आणि फेस पाहून तो थांबतो, कारण चुना कमी पडला तर ढेप बसत नाही आणि जास्त झाला तर गूळ काळवंडतो. तासगावचा द्राक्ष बागायतदार मात्र आकडा पाहतो. बोअरचे पाणी अल्कधर्मी असले तर जिबरेलिक आम्लाचा आणि काही कीटकनाशकांचा गुण टिकत नाही, म्हणून टाकीत थोडे सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल घालून तो पाण्याचा पीएच खाली आणतो, आणि त्यासाठी खिशात मावणारा मीटर किंवा रंगपट्टी बाळगतो. योगायोग असा की विद्युत पीएच मीटरचा जन्मही फळांच्या धंद्यातच झाला. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळउत्पादकांच्या संघाला सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती, त्या वायूमुळे लिटमससारखे रंगदर्शक फिके पडत, आणि १९३४ साली आर्नल्ड बेकमन यांनी काचेच्या विद्युताग्राला इलेक्ट्रॉनिक प्रवर्धक जोडून त्यावर तोड काढली.

मीटर हाती आला तरी तो काय मोजतो, हा प्रश्न सुटला नाही, आणि ‘पी’पेक्षा हा वाद कितीतरी गंभीर आहे. सोरेनसन यांनी १९०९ मध्ये हायड्रोजन आयनांची संहती धरली होती. पण द्रावणातील आयन एकमेकांना ओढत-ढकलत असल्यामुळे ते जणू कमी संख्येने आहेत असे वागतात; गिल्बर्ट लुईस यांनी या परिणामकारक प्रमाणाला ‘क्रियाशीलता’ म्हटले आणि १९२३ साली डिबाय आणि ह्युकेल यांनी तिचे गणित मांडले. दुसऱ्याच वर्षी सोरेनसन यांनी लिंडरस्ट्रोम-लांग यांच्यासह आपली व्याख्या बदलून संहतीच्या जागी क्रियाशीलता आणली. त्यामुळे नवी अडचण उभी राहिली, कारण एकट्या आयनाची क्रियाशीलता स्वतंत्रपणे मोजण्याचा मार्गच नाही. धन आयनाबरोबर ऋण आयन येतोच. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने २००२ साली दिलेल्या शिफारशीतही पीएच ही राशी हायड्रोजन आयनाच्या क्रियाशीलतेचा ऋण लॉगरिदम म्हणून व्याख्येत बसवली आहे, आणि ती व्याख्या केवळ कल्पनेतील असून प्रत्यक्ष मोजणी प्रमाण द्रावणांच्या आधारे करायची, असे मान्य केले आहे. ‘एच’ही वाटतो तितका निखळ नाही, कारण पाण्यात सुटा हायड्रोजन आयन राहत नाही, तो पाण्याच्या रेणूंना चिकटलेला असतो.

तालुक्याच्या प्रयोगशाळेत ही तत्त्वचर्चा ४, ७ आणि ९.२ या बफर गोळ्यांवर येऊन थांबते. गोळी ठरलेल्या पाण्यात विरघळवायची, तिच्या द्रावणात मीटर त्या आकड्यावर आणायचा आणि मग नमुना बुडवायचा; मीटर जे सांगतो ते या द्रावणांच्या तुलनेत सांगतो. मातीच्या बाबतीत आणखी एक पायरी मध्ये येते, कारण कोरड्या मातीत विद्युताग्र चालत नाही आणि तिच्यात पाणी घालून ढवळावे लागते. भारतात सहसा एका भाग मातीला अडीच भाग पाणी घेतात. पाणी अधिक घेतले तर खारवट किंवा चोपण मातीचा सामू वर सरकतो, आणि पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचे विरल द्रावण घेतले तर बहुधा तो अर्ध्या अंकाच्या आसपास खाली उतरतो. ८.५ च्या सीमेवर असलेल्या वावराला चोपण म्हणायचे की नाही, हे त्यामुळे मातीइतकेच तिच्यात घातलेल्या पाण्यावर ठरू शकते, आणि जिप्समची शिफारस करण्यापूर्वी पत्रिकेवर माती आणि पाण्याचे गुणोत्तर छापलेले आहे की नाही, हे पाहणे भाग पडते.